बाळाचे पहिले मिनिट मोजणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार आणि गरोदरपणातील व्हेपिंग

तुमच्या घरात लहान मूल असेल, तर त्याच्या जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड एकदा काढून पाहा. जन्माची वेळ, वजन आणि रक्तगट यांच्या आसपास कुठेतरी ॲपगार असा शब्द असेल आणि त्यापुढे दोन आकडे असतील. कुठे ८ आणि ९, कुठे ७ आणि ९. बहुतेक पालकांना वाटते की हे कुठल्यातरी तपासणीचे नाव आहे. प्रत्यक्षात ते एका स्त्री डॉक्टरचे आडनाव आहे.

डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांना जाऊन आता ५० वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांच्या हयातीत व्हेप, पॉड किंवा ई-सिगारेट नावाची वस्तू अस्तित्वातच नव्हती. तरीही गरोदरपणात व्हेपिंग चालते का, असा प्रश्न तुमच्या मनात किंवा घरात कुणाच्या मनात असेल, तर त्यांची गोष्ट तुम्ही वाचायला हवी. आई श्वासावाटे जे आत घेते त्याचा बाळावर काय परिणाम होतो, हे त्यांनी एका वेगळ्या वायूच्या बाबतीत तपासून पाहिले होते. उत्तर मिळाल्यावर त्यांनी स्वतःची सवय बदलली.

घर आणि शिक्षण

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, वेस्टफिल्ड या गावी झाला. वडील विमा व्यवसायात होते, पण त्यांना खगोलशास्त्राचा आणि रेडिओचा नाद होता. घरात उपकरणे, प्रयोग आणि संगीत असे वातावरण होते. त्याच घरात आजारपणही होते. एक भाऊ क्षयरोगाने लहानपणीच गेला आणि दुसरा सतत आजारी असे. ज्या घरात मूल आजारी असते, त्या घरातील भावंडे डॉक्टरांचे येणे-जाणे फार जवळून पाहतात. शाळा संपेपर्यंत व्हर्जिनिया यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले होते.

माउंट होलियोक कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र घेतले. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे शिष्यवृत्ती आणि लहानसहान नोकऱ्या करत शिक्षण चालले होते. प्रयोगशाळेसाठी भटकी मांजरे पकडून आणणे हेही त्यातले एक काम होते. १९२९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि काही आठवड्यांतच अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. कर्ज काढून त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि १९३३ मध्ये वर्गात चौथा क्रमांक मिळवून त्या डॉक्टर झाल्या.

शस्त्रक्रियेकडून भूलशास्त्राकडे

त्यांना सर्जन व्हायचे होते आणि प्रशिक्षणही सुरू झाले होते. पण विभागप्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना ही वाट सोडण्याचा सल्ला दिला. आधी शिकलेल्या स्त्री सर्जनना पुढे पुरेसे काम मिळाले नव्हते आणि मंदीच्या काळात डोक्यावर कर्ज घेऊन हा धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हते. त्याच वेळी व्हिपल यांना दिसत होते की शस्त्रक्रिया पुढे न्यायची असेल, तर भूल देण्याचे शास्त्र सुधारायला हवे. त्या काळी अमेरिकेत भूल देण्याचे काम बहुतेक ठिकाणी परिचारिका करत. डॉक्टर त्याकडे फारसे वळत नसत.

ॲपगार यांनी सल्ला मानला. आपल्याच रुग्णालयातील परिचारिकांकडून त्यांनी आधी भूल द्यायला शिकून घेतले, मग विस्कॉन्सिन येथे डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे आणि न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात प्रशिक्षण घेतले. १९३८ मध्ये कोलंबियात परत येऊन त्यांनी भूलशास्त्राचा विभाग उभारला. सुरुवातीला हाताखाली माणसे कमी, पगार कमी आणि सर्जन मंडळींकडून मिळणारा मानही बेताचाच. १९४९ मध्ये त्या कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या स्त्री पूर्ण प्राध्यापक झाल्या. मात्र भूलशास्त्राचा स्वतंत्र मोठा विभाग झाला तेव्हा त्याचे प्रमुखपद एका पुरुष सहकाऱ्याकडे गेले.

प्रशासनातून मोकळ्या झालेल्या ॲपगार यांनी आपले लक्ष प्रसूतिगृहाकडे वळवले. तिथे बाळंतिणींना भूल देताना त्यांचे लक्ष बाळाकडेही जाऊ लागले.

जन्मानंतरचे पहिले मिनिट

त्या काळात अमेरिकेतील बालमृत्यू एकूण कमी होत होते, पण जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतील मृत्यू मात्र फारसे घटत नव्हते. त्याचे एक साधे कारण होते. बाळ जन्मले की सगळी धावपळ आईभोवती चाले. बाळाची नीट पाहणी कधी करायची, कुणी करायची आणि त्यात काय पाहायचे, याचा काही ठरलेला नियम नव्हता. निळसर पडलेले, मंद श्वास घेणारे बाळ जगण्याजोगे नाही असे समजून बाजूला ठेवले जाण्याचीही शक्यता असे.

असे सांगितले जाते की एके सकाळी रुग्णालयाच्या कॅफेटेरियात एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, नवजात बाळाची तब्येत पटकन कशी जोखावी? ॲपगार यांनी हाताशी असलेल्या कागदावर पाच मुद्दे लिहिले आणि लगेच प्रसूतिकक्षात जाऊन ते वापरून पाहिले. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत एका परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. ते पाच मुद्दे असे:

- हृदयाचे ठोके: मिनिटाला १०० किंवा अधिक आहेत का?
- श्वास: बाळ जोरात रडते आहे का, की श्वास मंद आणि अनियमित आहे?
- स्नायूंचा ताण: हातपाय दुमडलेले आणि हलते आहेत का, की सैल पडले आहेत?
- प्रतिसाद: नाकात नळी घातल्यावर किंवा तळपायावर टिचकी मारल्यावर बाळ तोंड वेडेवाकडे करते का, शिंकते का?
- रंग: अंग गुलाबी आहे का? सावळ्या बाळांमध्ये हे ओठ, जीभ आणि हिरड्यांवरून पाहतात.

प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण, एकूण १०. ही मोजणी आधी जन्मानंतर एका मिनिटाने करत, पुढे पाच मिनिटांनीही करू लागले. यासाठी यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही आणि खर्चही नाही. घड्याळ, कान, डोळे आणि हात पुरतात. म्हणूनच ही पद्धत मोठ्या शहरांतील रुग्णालयांपासून तालुक्याच्या प्रसूतिगृहापर्यंत जगभर पोहोचली. पुढे १९६० च्या दशकात पाच मुद्द्यांची इंग्रजी आद्याक्षरे त्यांच्या आडनावाशी जुळवली गेली. त्यामुळे ॲपगार हे एका व्यक्तीचे नाव आहे हेच अनेक जण विसरले.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. पूर्ण १० गुण फार थोड्या बाळांना मिळतात, कारण जन्मानंतर काही वेळ हातपाय निळसर असणे नेहमीचेच आहे. ७ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे बाळाने बाहेरच्या जगात श्वास नीट सुरू केला आहे. पहिल्या मिनिटाला कमी गुण असले आणि पाचव्या मिनिटाला ते वाढले, तर ती चांगली खूण आहे. या गुणांवरून बाळाची बुद्धी किंवा पुढचे आयुष्य ठरत नाही. त्यासाठी हे मोजमाप बनवलेलेच नव्हते.

आवडता वायू सोडला तेव्हा

आता ॲपगार यांच्या आयुष्यातील तो भाग पाहू, जो व्हेपिंगच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे.

त्या काळी भूल देण्यासाठी सायक्लोप्रोपेन नावाचा वायू वापरत. तो लवकर काम करी, आईला त्याचा फारसा त्रास दिसत नसे आणि ॲपगार यांचा तो आवडता वायू होता. पण गुणांची नोंद नियमित होऊ लागल्यावर एक शंका आली. कोणत्या आईला कशा प्रकारे भूल दिली आणि तिच्या बाळाला किती गुण मिळाले, हे आता शेजारी शेजारी ठेवून पाहता येत होते.

डॉ. स्टॅन्ली जेम्स आणि डॉ. डंकन होलाडे यांच्यासोबत त्यांनी नवजात बाळांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी असणे नैसर्गिक आहे, असा तोवर समज होता. तपासण्यांमधून दिसले की कमी गुण मिळालेल्या बाळांच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त होती, आणि अशा बाळांना तातडीने मदत हवी होती. हेही दिसले की ज्या आयांना सायक्लोप्रोपेन दिला होता, त्यांची बाळे कमरेखालचा भाग बधिर केलेल्या आयांच्या बाळांपेक्षा अधिक मंद होती. आईने श्वासावाटे घेतलेला वायू तिच्या फुप्फुसातून रक्तात, रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात पोहोचत होता.

हे कळल्यावर प्रसूतीसाठी हा वायू वापरणे त्यांनी सोडून दिले. आपण स्वतः वर्षानुवर्षे जे वापरले, ज्यावर आपला विश्वास होता, ते बाळासाठी बरे नाही हे मान्य करणे कुणालाच सोपे जात नाही. त्यांनी ते केले आणि त्यात कुणाला दोष दिला नाही. आधी माहीत नव्हते, आता माहीत झाले, इतकेच.

तोच प्रश्न, आजचे उपकरण

वार, म्हणजेच प्लॅसेंटा, ही गाळणी आहे असे अनेकांना वाटते. ती काही जंतू आणि काही मोठे रेणू अडवते, हे खरे. पण निकोटीन तिच्यातून सहज पार होते. बाळाच्या रक्तातील निकोटीनचे प्रमाण आईच्या रक्ताइतके किंवा त्याहूनही जास्त असू शकते.

व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही. बॅटरीवर तापणारी तार एका द्रवाची वाफ करते आणि ती वाफ ओढली जाते. या द्रवात सहसा प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायने आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. वेष्टनावर निकोटीनमुक्त लिहिलेल्या काही द्रवांतही तपासणीत निकोटीन सापडले आहे. द्रव तापल्यावर फॉर्मल्डिहाइडसारखी घातक रसायने तयार होऊ शकतात, आणि तारेतून निकेल, शिसे असे धातू अत्यल्प प्रमाणात वाफेत येऊ शकतात. आंबा, पुदिना किंवा व्हॅनिलाचे स्वाद खाण्यासाठी चालतात म्हणून ते फुप्फुसात ओढायलाही चालतात, असे नाही. पोट आणि फुप्फुस यांचे काम वेगळे आहे.

गर्भातील बाळावर निकोटीनचा परिणाम मुख्यतः असा होतो:

वाढ. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. वारेकडे जाणारे रक्त कमी झाले की बाळाला मिळणारे पोषण आणि प्राणवायू कमी होतात. बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याची शक्यता वाढते.

मेंदू. बाळाच्या मेंदूतील पेशी एकमेकींशी जोडल्या जात असताना ज्या रासायनिक संदेशांवर अवलंबून असतात, त्यांच्याच जागी निकोटीन जाऊन बसते. प्राण्यांवरील प्रयोगांत यामुळे मेंदूची घडण बदललेली दिसते. गरोदरपणात सिगारेट ओढलेल्या आयांच्या मुलांमध्ये पुढे एकाग्रतेच्या आणि वर्तनाच्या अडचणी अधिक आढळतात.

फुप्फुसे. गर्भात वाढणाऱ्या श्वासनलिकांवर निकोटीनचा परिणाम होतो. गरोदरपणात धूम्रपान केलेल्या आयांच्या मुलांना छातीत घरघर आणि दमा होण्याचे प्रमाण जास्त असते.

झोपेतील अचानक मृत्यू. श्वास अडखळला की बाळ झोपेतून जागे होते, ही निसर्गाने दिलेली सुरक्षा आहे. निकोटीनच्या संपर्कामुळे ही यंत्रणा कमकुवत होऊ शकते.

यातील बरेच ज्ञान सिगारेट आणि निकोटीनवरील अनेक दशकांच्या अभ्यासातून आले आहे. आजच्या स्वरूपातील ई-सिगारेट २००० नंतर बाजारात आली. गर्भात असताना तिच्या वाफेच्या संपर्कात आलेली मुले अजून लहान आहेत आणि त्यांच्यावरील दीर्घकालीन अभ्यास चालू आहेत. व्हेपिंगमुळे काही होत नाही असे कुणी तुम्हाला सांगितले, तर ते सिद्ध झालेले नाही हे लक्षात ठेवा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायने असतात, व्हेपमध्ये ती बरीच कमी असतात. म्हणून ब्रिटनमध्ये, सिगारेट अन्य उपायांनी सुटत नसेल आणि व्हेपमुळे ती सुटली असेल, तर पुन्हा सिगारेटकडे वळण्यापेक्षा व्हेप बरे, असा सल्ला गरोदर स्त्रियांना दिला जातो. अमेरिकेतील तज्ज्ञ संस्था मात्र गरोदरपणात व्हेपिंग नकोच म्हणतात. दोन्ही सल्ल्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. सिगारेटपेक्षा कमी वाईट म्हणजे बाळासाठी सुरक्षित नव्हे. ज्या स्त्रीने कधी सिगारेट ओढली नाही, तिच्यासाठी व्हेप सुरू करण्याचे कोणतेही कारण नाही.

वयाच्या ५० व्या वर्षी नवी वाट

१९५९ मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी, ॲपगार यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. आकडेवारी अधिक नीट समजावी हा त्यामागचा एक हेतू होता. त्याच वर्षी त्या मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत गेल्या. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओशी लढण्यासाठी स्थापन केलेली ही संस्था, पोलिओची लस आल्यावर जन्मजात दोषांकडे वळली होती. त्या विभागाची जबाबदारी ॲपगार यांच्यावर आली.

आजवर त्या जन्मानंतरचे पहिले मिनिट पाहत होत्या. आता त्या आधीच्या नऊ महिन्यांकडे पाहू लागल्या. तो काळही तसाच होता. थॅलिडोमाइड हे औषध युरोपात गरोदर स्त्रियांना मळमळीसाठी दिले गेले होते. त्यातून हजारो बाळे हातपायांत गंभीर व्यंग घेऊन जन्मली, तेव्हा १९६१ मध्ये ते मागे घेण्यात आले. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि सुमारे २०,००० बाळे त्याचे परिणाम घेऊन जन्मली. कुणाला बहिरेपण, कुणाला मोतीबिंदू, कुणाला हृदयाचे दोष. त्याच सुमारास, १९६४ मध्ये, अमेरिकेच्या सरकारी अहवालाने धूम्रपान करणाऱ्या आयांच्या बाळांचे वजन कमी भरते याची नोंद घेतली.

ॲपगार देशभर फिरल्या. डॉक्टरांशी बोलल्या आणि सामान्य पालकांशीही बोलल्या. जन्मजात दोष ही त्या काळी घरात लपवून ठेवायची गोष्ट होती. त्या त्याविषयी उघडपणे, सोप्या शब्दांत आणि कुणाला न लाजवता बोलत. रुबेलाच्या लसीसाठी आणि आई-बाळाच्या रक्तगटातील आरएच तफावत वेळेत ओळखली जावी यासाठी त्यांनी आग्रह धरला. १९७२ मध्ये जोन बेक यांच्यासोबत त्यांनी इज माय बेबी ऑल राइट हे पालकांसाठीचे पुस्तक लिहिले. माझे बाळ ठीक आहे ना, हा प्रत्येक आईच्या मनातला प्रश्नच त्या पुस्तकाचे नाव झाला.

इथे त्यांच्या स्कोअरची मर्यादा तुमच्या लक्षात यावी. एखादी आई म्हणू शकते, मी व्हेप केले पण बाळाला ९ गुण मिळाले, म्हणजे काही झाले नाही. ॲपगार स्कोअर त्या क्षणी बाळाचा श्वास, ठोके आणि हालचाल कशी आहे एवढेच सांगतो. चार वर्षांनी त्याला दमा होईल का, शाळेत लक्ष लागेल का, हे तो सांगू शकत नाही. म्हणूनच ज्यांनी तो बनवला, त्या स्वतः जन्माआधीच्या काळजीकडे वळल्या.

आपल्याकडे: व्हेप आणि मिश्री

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. तरी चोरट्या मार्गाने ती मिळते. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या तरुण मराठी मुलींच्या आसपास तर ती सर्रास असते. त्यांच्यापैकी कुणाला दिवस राहिले, की हा प्रश्न घरच्यांशी बोलायची चोरी होते.

पण निकोटीन आपल्या घरांत नव्याने आलेले नाही. महाराष्ट्रात कितीतरी स्त्रिया दात घासण्यासाठी म्हणून मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून तिचे निकोटीन रक्तात जाते आणि पुढे तोच मार्ग, वार आणि बाळ. मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्री किंवा तत्सम धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले आणि बाळे वेळेआधी जन्मण्याचे प्रमाणही जास्त होते. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत मिश्रीच्या बाबतीत चुकीची ठरली. व्हेपच्या बाबतीतही ती धरून बसू नका.

तुम्ही आज काय करू शकता?

- डॉक्टरांना खरे सांगा. नाव नोंदवताना व्हेप, सिगारेट, मिश्री, गुटखा यांपैकी काहीही असेल तर सांगा. सासूबाई किंवा नवरा समोर असल्यामुळे संकोच वाटत असेल, तर एकटीने बोलायचे आहे असे म्हणा. तो तुमचा हक्क आहे.
- उशीर झाला असे समजू नका. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सिगारेट सोडलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन कधीच न ओढणाऱ्या स्त्रियांच्या बाळांच्या जवळपास येते. सातव्या महिन्यात सोडले तरी फायदा होतोच.
- व्हेप सोडताना सिगारेटकडे वळू नका. चिडचिड, झोप न लागणे, तल्लफ हे त्रास पहिले काही दिवस ते आठवडे असतात. समुपदेशनाचा खूप उपयोग होतो. निकोटीनचे पॅच किंवा गम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नका.
- मोफत मदत घ्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे.
- स्तनपान थांबवू नका. निकोटीन दुधात उतरते, म्हणून सोडणे हेच उत्तम. पण ते अजून सुटले नसले तरी आईचे दूध बाळासाठी मोलाचेच आहे. निदान पाजण्याआधी आणि बाळाजवळ असताना व्हेप करू नका.
- घरातील इतरांनीही घराबाहेर ठेवावे. बाबांच्या व्हेपची वाफही बाळाच्या खोलीतच राहते.
- द्रवाची बाटली कुलपात ठेवा. त्याचा रंग आणि गोड वास मुलांना आकर्षित करतो. लहान मुलाने ते थोडेसे जरी प्यायले तरी जिवावर बेतू शकते. असे झाल्यास उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

आणि कुटुंबीयांनो, तुमच्यासाठी एक विनंती. सुनेला किंवा मुलीला ओरडून ही सवय सुटत नाही, फक्त लपवली जाते. लपवलेल्या सवयीवर डॉक्टरांना उपचार करता येत नाहीत.

शेवटची वर्षे

ॲपगार वेगाने बोलत, भरपूर हसत आणि त्यांना स्वस्थ बसवत नसे. कुठे अचानक कुणाचा श्वास अडला तर उपयोगी पडावे म्हणून त्या आवश्यक साधने जवळच बाळगत. वाद्ये वाजवण्याची आवड लहानपणापासूनची होती. पुढे एका रुग्णाकडून त्या वाद्ये बनवायलाही शिकल्या आणि त्यांनी व्हायोलिन, व्हायोला, चेलो स्वतः घडवले. पन्नाशीनंतर विमान चालवण्याचे धडे घेतले. लग्न त्यांनी केले नाही आणि स्वतःचे मूलही नव्हते.

७ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्याच कोलंबियाच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर २० सेंटचे तिकीट काढले.

आज तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या प्रसूतीच्या वेळी कुणीतरी घड्याळाकडे पाहील, बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवेल आणि कार्डावर एक आकडा लिहील. तो आकडा लिहिणे डॉक्टर आणि नर्स यांचे काम आहे. त्याआधीच्या नऊ महिन्यांत बाळापर्यंत काय पोहोचू द्यायचे, हे मात्र बरेचसे तुमच्या आणि तुमच्या घरच्यांच्या हातात आहे. व्हेप किंवा मिश्रीची डबी जवळ असेल, तर पुढच्या तपासणीच्या दिवशी ती सोबत घेऊन या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. बोलायला तिथूनच सुरुवात होईल.